क्युबातल्या त्रिनिदादची जुन्या घरांची पायी टूर, बिनलग्नाच्या मुलींची बाजू सांगणारी

आधीच सांगते, हे त्रिनिदाद म्हणजे क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेलं ते बेट नव्हे. क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ याच नावाचं एक जुनं गाव आहे, हवानापासून तीनशेच्या वर किलोमीटरवर, साखरेच्या पैशावर मोठं झालेलं आणि १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं. गावात पायी फिरवणाऱ्या टूर पुष्कळ आहेत, रंगीत घरं, दगडगोट्यांचे रस्ते आणि संध्याकाळचं संगीत असा बहुतेकांचा ठरलेला कार्यक्रम. मी आणि माझी ताई, आम्ही जी घेतली ती एका छोट्या स्थानिक कंपनीची, आणि तिचा विषय होता एकोणिसाव्या शतकात या मोठमोठ्या घरांत राहणाऱ्या बायका, त्यातही लग्न न झालेल्या मुली. पाचातले चार स्टार देतेय. एक कुठे कापला ते पुढे येईलच, पण दिलेले चार अगदी मनापासून दिलेत, कारण बिनलग्नाच्या बाईला प्रेम हवंसं वाटतं ही गोष्ट इतक्या आदराने सांगितलेली मी तरी कुठल्या टूरवर ऐकली नव्हती. एरवी ती एकतर कीव करायची गोष्ट असते नाहीतर चेष्टेची.

सुरुवात प्लाझा मायोर म्हणजे गावच्या मुख्य चौकातून होते आणि गाईडबाई (पन्नाशीच्या, याच गावच्या, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या) पहिला बराच वेळ एका खिडकीसमोरच उभं करतात. ग्रुपमधले काहीजण चुळबुळ करायला लागले होते, पण त्या खिडकीपाशी जे कळतं त्यावर पुढची सगळी टूर उभी आहे त्यामुळे घाई करू नका. इथल्या जुन्या घरांच्या खिडक्या जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंत उंच असतात, भिंतीच्या बाहेर रस्त्यावर थोड्या पुढे आलेल्या, आणि त्यांना उभे लाकडी गज, छान कातून काढलेले, काही घरांना नंतर बसवलेले लोखंडी. म्हणजे आत खुर्ची टाकून बसलेली मुलगी आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यात हातभर अंतर, पण मध्ये गज. खिडकी ओळखीच्या घराची होती, तर गाईडबाईंनी ताईला गजांमधून हात आत घालायला सांगितला. कोपरापर्यंत सहज जातो, त्याच्या पुढे अडतो. मग त्यांनी एवढ्यात काय काय होऊ शकतं ते दाखवलं, चिठ्ठी देता येते, हातातला पंखा देता येतो, बोटांना बोटं लावता येतात. बास, तेवढंच. ऊन उतरलं की मुली खिडकीत येऊन बसायच्या, मुलगा बाहेर रस्त्यावर उभा, आत दोन पावलांवर आई नाहीतर मावशी, आणि जाणारी येणारी अख्खी गल्ली ऐकतेय. महिनोन्‌महिने भेट म्हणजे एवढीच. आणि जिच्या खिडकीपाशी कुणीच थांबत नव्हतं तीही रोज तिथेच बसायची, कारण बाहेरचं जग बघायला तिला दुसरी जागाच नव्हती. हे गाईडबाईंनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि पुढे चालायला लागल्या, पण ताई माझ्याकडे बघत राहिली.

चालता चालता मग कायदा येतो, आणि ही टूर इतरांपेक्षा वेगळी ठरते ती इथेच. आपण सहसा असं धरून चालतो की तेव्हाच्या मुलींना मनासारखं प्रेम मिळालं नाही म्हणजे समाज तसा होता, काळ तसा होता. गाईडबाई म्हणतात, काळ वगैरे नाही, कागद दाखवते. १७७६ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने फर्मान काढलं की आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलांनी लग्न करायचं नाही, आणि १७७८ मध्ये ते अमेरिकेतल्या वसाहतींना लागू केलं, म्हणजे क्युबालाही. १८०३ मध्ये ते अजून आवळलं. वडील हयात असतील तर मुलाला २५ आणि मुलीला २३ वर्षं पूर्ण होईपर्यंत त्यांची परवानगी लागणार, आणि नकार देताना वडिलांनी कारण सांगायचीसुद्धा गरज नाही. ग्रुपमधल्या एकाने लगेच विचारलं, मग तेविशीनंतर तरी मोकळीक होती ना? लग्नापुरती, कागदावर, होती. पण जुन्या स्पॅनिश कायद्यात लग्न न झालेली मुलगी, तिचं वय कितीही होऊ दे, वडील आहेत तोवर साधारणपणे वडिलांच्याच अधिकाराखाली असायची, तिची मिळकत त्यांच्या हातात, राहणं त्यांच्या घरात. आणि ज्या समाजात सोळा-सतराव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात व्हायची तिथे तेविशीपर्यंत कोण थांबणार होतं, तो मुलगा थांबला असता का.

वडिलांनी नाही म्हटलं तर सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागता यायची, आणि लोकांनी ती मागितलीही. त्या दाव्यांची कागदपत्रं उरली आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकांना आज त्या काळच्या क्युबातल्या लग्नांबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं या फायलींमधून कळतं. मला हे फार लागलं. म्हणजे तिचं प्रेम आपल्यापर्यंत पोचलं ते कशामुळे, तर कुणीतरी त्याला हरकत घेतली म्हणून. ज्यांच्या बाबतीत हरकत घ्यायचीही वेळ आली नाही, ज्या मनातल्या मनात झुरून गप्प बसल्या, त्यांचा कागदच नाही.

दुसरा रस्ता होता पळून जायचा. आणि हे काही क्वचित घडणारं प्रकरण नव्हतं, चांगली रुळलेली वाट होती. मुलगी रात्री मुलाबरोबर घर सोडायची, एक रात्र बाहेर राहिली की घराण्याची अब्रू गेली, आणि मग ती अब्रू परत मिळवायची तर लग्न लावून देण्याशिवाय वडिलांपुढे मार्ग उरायचा नाही. मध्ये काही दिवस मुलीला एखाद्या सभ्य तिऱ्हाईत कुटुंबात ठेवायचे, घरच्यांचा दबाव नको म्हणून, त्याचीही कायद्यात सोय होती. गाईडबाईंनी इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली जी मला पटली. यात सगळा धोका मुलीचा. मुलाने ऐनवेळी माघार घेतली, किंवा मुलीचे वडील हट्टाला पेटले आणि अब्रू गेली तर गेली म्हणाले, तर ती आयुष्यभरासाठी संपली. म्हणून बऱ्याच जणी खिडकीतून उठल्याच नाहीत. त्यांना भित्र्या म्हणणं सोपं आहे, मी नाही म्हणणार.

यानंतर पालासियो ब्रुनेट नावाचा वाडा, म्हणजे आताचं म्युझेओ रोमांतिको. चौकाच्या कडेलाच आहे. खालचा मजला १७४० चा, वरचा १८०८ चा, आणि १९७४ पासून इथे म्युझियम आहे. घर आधी बोरेल घराण्याचं, लग्नसंबंधातून ब्रुनेट काउंटकडे आलं. वरचा हॉल बघण्यासारखा आहे, संगमरवरी फरशी, देवदारी लाकडाचं कोरीव छत, झुंबरं, चिनीमातीची भांडी, पुढे काउंटेसची खोली आणि तिचा वर छत असलेला ब्राँझचा पलंग, आणि स्वयंपाकघरात रंगवलेल्या टाइल्सची जुनी चूल. माझा वेळ सगळ्यात जास्त गेला तो झुलत्या खुर्च्यांपाशी. त्या काळच्या क्युबन दिवाणखान्यात या खुर्च्या समोरासमोर दोन रांगांत मांडायची पद्धत होती, तेव्हाच्या परदेशी प्रवाशांनीही ती टिपून ठेवली आहे. पाहुणा आला की एका रांगेत तो, समोर मुलगी, आजूबाजूला सगळं घर. दोघं एकमेकांसमोर झुलतायत, हवापाण्याच्या गप्पा चालल्यायत, आणि नजर वर करायची तरी पाच माणसं बघतायत. गाईडबाईंनी आमच्यातल्या दोघांना अशा दोन खुर्च्यांमधलं अंतर पावलांनी मोजून उभं केलं (म्युझियममधल्या खुर्च्यांना हात लावायचा नसतो, बरोबरच आहे) आणि म्हणाल्या, आता काहीतरी खरं बोलून दाखवा. दोघंही गप्प.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी ही टूर पुन्हा घेईन. काउंटेसचा पलंग बघितला, आता सांगा, अशा घरातली लग्न न झालेली बहीण कुठे झोपायची? एखादी वेगळी खोली, वेगळा पलंग, तिच्या नावाचं काही? कुणालाच उत्तर देता आलं नाही. या घरांमध्ये खोल्या एकातून एक निघतात, उकाड्यामुळे दारं उघडीच, आणि बिनलग्नाच्या बाईचा संसार म्हणजे भाचरांच्या खोलीतली एक बाजू. बहिणीची बाळंतपणं, आजारी वडिलांचं करणं, पोरांना अक्षरओळख, प्रार्थना, आणि चर्चमधल्या संतांच्या मूर्तींचे कपडे शिवणं, बदलणं. मठात जाऊन जोगीण व्हायचं म्हटलं तरी तिथेही हुंडा भरावा लागायचा. माझंही लग्न झालेलं नाही, चाळिशी जवळ आलीय, आणि मला माझं घर आहे, माझ्या नावाचं दार आहे जे मी आतून लावू शकते. त्यामुळे असेल कदाचित, मी त्या पलंगापेक्षा त्या नसलेल्या खोलीचाच विचार जास्त करत होते.

पैशाचा भाग त्यांनी एकदम नीट समजावला. स्पॅनिश कायद्यात मुलींनाही बापाच्या मिळकतीत वाटा होता, आणि हुंडा म्हणजे त्या वाट्यातली उचल. ऐकायला चांगलं वाटतं, पण साखरेचा कारखाना, उसाची जमीन, गुलाम, हे सगळं मुलीबरोबर तुकड्यातुकड्याने बाहेर जाणार म्हटल्यावर घराणी सावध व्हायची. मग एकतर चुलत-मामे भावंडांत लग्न लावायची, त्यासाठी चर्चची खास परवानगी काढायची, म्हणजे इस्टेट घरातल्या घरात राहते. नाहीतर स्पेनहून आलेला एखादा पैसेवाला व्यापारी जावई. नाहीतर काहीच नाही, मुलगी घरीच. यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही, की तेव्हाच्या क्युबात गोऱ्या पुरुषांची संख्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त होती, स्पेनमधून तरुण सारखे येत होते. म्हणजे मुलींना मुलगे कमी पडत होते असं नाहीच. तोलामोलाचे कमी पडत होते, आणि तोलामोल ठरवणार घर.

त्यात मग या गावाचे दिवस फिरले. जमिनी थकल्या, जंगलं तोडून झाली, युरोपात बीटपासून साखर निघायला लागली, जवळच १८१९ मध्ये वसलेल्या सिएनफुएगोसने बंदराचा व्यापार ओढला, आणि शतकाच्या मध्यावर त्रिनिदादची भरभराट ओसरली. १८६८ ते १८७८ दहा वर्षं स्वातंत्र्ययुद्ध. तरुण लढायला गेले, काही परागंदा झाले, बरेच परत आले नाहीत. हुंडे आटले, घराणी हवानाला नाहीतर आणखी कुठे निघून गेली. अशा वेळी पंचविशी-तिशीत असलेल्या मुलींचं काय झालं असेल याचा हिशोब कोण ठेवणार. गावात नवीन बांधकामाला पैसाच उरला नाही म्हणून ही घरं आज जशीच्या तशी दिसतात, हे सगळेच गाईड सांगतात. त्याच रिकाम्या होत गेलेल्या घरांत कोण मागे राहिलं, हे मी इथेच ऐकलं.

विधवांची गोष्ट पालासियो कांतेरोपाशी सांगतात, आता तिथे गावाच्या इतिहासाचं म्युझियम आहे. हुस्तो कांतेरो हा डॉक्टर, त्याने इझनागा घराण्यातल्या एका श्रीमंत माणसाच्या विधवेशी लग्न केलं आणि मोठा कारखानदार झाला. याच्यावरून गावात विषप्रयोगाची एक चविष्ट दंतकथा चालते आणि इतर टूरवाले ती रंगवून सांगतात. आमच्या गाईडबाईंनी ती एका वाक्यात उरकली आणि म्हणाल्या, यात खरी बघण्यासारखी गोष्ट अशी की विधवेला स्वतःच्या पैशाचा कारभार स्वतः करता यायचा, आपल्या मनाने दुसरं लग्नही करता यायचं, आणि त्याच घरातल्या बिनलग्नाच्या नणंदेला यातलं काहीच नाही. म्हणजे मोकळं व्हायला आधी कुणाची तरी बायको व्हावं लागायचं. मला हे आधी कधी सुचलंच नव्हतं आणि त्यानंतर डोक्यातून गेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रुपमधली एक बाई हॉलमध्ये म्हणाली, इतक्या सुंदर घरात इतकं एकटेपण, किती वाईट. गाईडबाईंनी तिला तोडलं नाही, फक्त सगळ्यांना मागच्या अंगणाकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, त्या मुलीचे केस कोण विंचरत होतं? तिची चिठ्ठी खिडकीतून घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत कोण पोचवत होतं? गुलाम बाई. पकडली गेली तर मार तिला. आणि तिच्या स्वतःच्या प्रेमाचं काय? १८४२ च्या नियमावलीत मालकांनी गुलामांच्या लग्नाला आडकाठी करू नये, दोघं वेगवेगळ्या मालकांचे असले तरी करू नये, असं लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं आणि घडणारं यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं, माणूस विकता येत होता तोवर नवरा-बायको हे नातं मालकाच्या मर्जीवरच. १८७० मध्ये कायदा झाला की यापुढे गुलाम आईला झालेलं मूल मोकळं, आणि गुलामी पूर्ण संपली ती १८८६ मध्ये. म्हणजे या हॉलमधल्या झुलत्या खुर्चीवरचं एकटेपण ज्यांच्या कष्टावर उभं होतं त्यांना एकटं बसायची सुद्धा सवड नव्हती. हे त्यांनी कुणाला कमी लेखून सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलीचं दुःख खरं आहे आणि अंगणातल्या बाईचं त्याहून कितीतरी मोठं आहे, दोन्ही एकाच घरात, आणि एक सांगताना दुसरं झाकायचं नाही, एवढीच त्यांची शिस्त.

रंगाचा कायदाही तिथेच सांगतात. १८०५ च्या हुकमानुसार खानदानी गोऱ्यांना, वय कितीही असो, काळ्या किंवा मिश्र वंशाच्या माणसाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची, आणि क्युबात हे निर्बंध पूर्णपणे उठले ते थेट १८८१ मध्ये. मिश्र वंशाची, मोकळी, स्वतः शिवणकाम करून पोट भरणारी मुलगी, तिच्यावर प्रेम करायला गोरे तरुण तयार, लग्नाचं नाव काढलं की कायदा आडवा. तीही बिनलग्नाचीच. तिच्यासाठी खिडकी नव्हती, रस्ता होता, आणि रस्त्यावरच्या बाईला इज्जत नाही असं ठरलेलं. पुढच्या वेळी कुणी मला जुन्या क्युबाची रोमँटिक चित्रं दाखवली तर मला या मुलीची आठवण येईल.

मधल्या ब्रेकमध्ये गाईडबाई एका घरात नेतात जिथे दोन बायका अजून हाताने जाळीकाम करतात. हे जरूर बघा. कापडातले धागे मोजून ओढून काढायचे आणि उरलेले धागे सुईने बांधत बांधत त्यांची जाळी करायची, फुलं, चौकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखे आकार. बोटभर पट्टीला कितीतरी वेळ जातो. त्रिनिदाद या कामासाठी नावाजलेलं आहे, २०१८ मध्ये गावाला जागतिक हस्तकला शहराचा मानही मिळाला, चौकाजवळच्या गल्लीत पांढऱ्या टेबलक्लॉथच्या रांगाच लागलेल्या असतात. त्यातल्या वयस्कर बाईंनी माझ्या हातात सुई दिली, मी धागा ओढला की कापड चुण्या पडून गोळा व्हायचं, त्यांनी ओढला की सरळ सुटून यायचा. लग्नासाठीच्या चादरी, उशांचे अभ्रे, रुमाल मुली लहानपणापासून असेच तयार करत बसायच्या. लग्न ठरलं नाही तरी हात थांबायचे नाहीत, मग ते कापड भाचीच्या लग्नाला जायचं नाहीतर चर्चच्या वेदीवर. इथे विकत घ्यायची जबरदस्ती अजिबात नाही. ताईने एक नमुना घेतला, पैसे थेट त्या बाईंच्या हातात दिले.

शेवटाकडे त्या आना बेतांकुर्तबद्दल सांगतात. १८६९ च्या एप्रिलमध्ये, युद्ध चालू असताना, ग्वाइमारो गावात बंडखोरांची सभा भरली आणि तिथे या बाईने गुलामी संपवताय तर बायकांचीही बेडी तोडा अशी मागणी मांडली. स्वतः ती विवाहित होती, पण मागणी सगळ्यांसाठी. आणि त्याच्या वीस वर्षांनी काय झालं, तर १८८९ मध्ये स्पेनचा नवा दिवाणी कायदा क्युबाला लागू झाला, त्यात सज्ञान वय २३ ठेवलं, पण मुलगी सज्ञान असली तरी पंचविशीच्या आत आईवडिलांच्या परवानगीशिवाय घर सोडू शकत नाही असं कलम घातलं. अपवाद मोजकेच, आईने किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केलं असेल तर, नाहीतर ती स्वतः लग्न करायला किंवा मठात जात असेल तर. हे ऐकून आमच्या ग्रुपमधली एक कॉलेजची मुलगी मोठ्याने म्हणाली, म्हणजे नवरा नाहीतर देव? गाईडबाई म्हणाल्या, हो, जवळजवळ हेच लिहिलंय.

आता स्टार कापला त्याचं. पहिली गोष्ट, बुकिंगच्या वेळी छोटा ग्रुप सांगितला होता आणि प्रत्यक्षात इतकी माणसं भरली होती की अरुंद कॉरिडॉरमध्ये मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. अशा विषयाला हे चालत नाही. एवढे पैसे घेताय (साध्या टूरपेक्षा ही चांगलीच महाग आहे) तर दोन बॅच करा. दुसरी, आणि मला जास्त खटकलेली, म्हणजे शेवटी गाडीने साखर कारखान्यांच्या दरीत, मानाका इझनागाच्या मनोऱ्याकडे नेतात. मनोरा बघण्यासारखा आहे यात वाद नाही, ४५ मीटर उंच, वरून उसाचा सगळा मुलूख दिसतो. पण गाईडबाई तिथे येत नाहीत, ड्रायव्हरच माहिती सांगतो, आणि तो ती नेहमीची दंतकथा सांगतो, दोन भाऊ एकाच बाईच्या प्रेमात, एकाने मनोरा बांधायचा आणि दुसऱ्याने विहीर खणायची अशी पैज. त्या कथेत बाईला नाव नाही, तिला कोण हवा होता हे कुणी विचारत नाही. सकाळपासून आम्ही नेमकं तेच विचारायला शिकलो होतो आणि टूर तिथे नेऊन संपवायची, हे त्या गाईडबाईंच्या मेहनतीवर पाणी ओतण्यासारखं आहे. शिवाय त्या मनोऱ्यावरून उसात राबणाऱ्या गुलामांवर नजर ठेवत आणि त्याच्या घंटेवर त्यांचा दिवस सुरू नि बंद होत असे, ते घाईत निसटलं. कंपनीला हे ईमेलने कळवलंय, उत्तर आलं की इथे टाकेन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. रस्ते गोल गोट्यांचे आहेत, चप्पल घालून जाऊ नका, घोटा मुरगळेल, आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, वरच्या मजल्याला जिने आहेत. सकाळचीच बॅच घ्या, दुपारचं ऊन सोसवत नाही. रोख क्युबन पेसो जवळ ठेवा, अमेरिकन बँकांची कार्डं क्युबात चालत नाहीत आणि बाकीच्यांचाही भरवसा धरू नका. लोडशेडिंग आहे, फोन रात्रीच चार्ज करून ठेवा. लहान मुलांना नेऊ नका असं मी म्हणेन, कंटाळतील, पण तेरा-चौदाच्या पुढच्या मुलींना आणि मुलग्यांनाही जरूर न्या. आईला घेऊन गेलात तर तिच्याशी नंतर बोलायला निवांत वेळ ठेवा. आणि बुकिंग करताना दरीचा भाग नको असं आधीच स्पष्ट लिहा, पैसे थोडे कमी होतात आणि गाईडबाईंना तेवढा वेळ वरच्या मजल्यावर देता येतो, आमच्याबरोबरच्या एका जोडप्याने तसंच केलं होतं आणि ते आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारून आले.